मंडूकमत्स्याचे गृहसंगोपन : नाशिकच्या परिस्थितीतील विचार

सागरी मत्स्य घरातील काचपेटीत पाळण्याचा छंद आता केवळ किनाऱ्यावरील शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरातील दुकानांतून असे मासे देशावरील शहरांकडे जातात. त्यांत क्वचित एक बेढब, गुबगुबीत, पाहताक्षणी मासा आहे असे न वाटणारा प्राणी आढळतो. त्यास मंडूकमत्स्य अथवा बेडूकमासा असे म्हणता येईल. हा प्राणी दिवसचे दिवस एकाच ठिकाणी बसून राहतो, यावरून तो पाळण्यास सोपा असावा असा समज सहज होतो. हा समज कितपत बरोबर आहे आणि नाशिकसारख्या समुद्रापासून दूर व उंचावर वसलेल्या शहरात त्याचे संगोपन करावयाचे झाल्यास कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राण्याचा परिचय

मंडूकमत्स्यांचे कुल अँटेनॅरिइडी या नावाने ओळखले जाते. त्यात पन्नासच्या आसपास जाती असून उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील समुद्रांत त्यांचा आढळ आहे. भारतीय समुद्रही त्यास अपवाद नाहीत. ब्लॉख व श्नायडर यांनी १८०१ मध्ये वर्णिलेली अँटेनॅरियस हिस्पिडस ही जाती कोरोमंडल किनाऱ्यावरील नमुन्यावरून शास्त्रास ज्ञात झाली. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय मत्स्यांवरील ग्रंथातही या प्रजातीची वर्णने आहेत. हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ ही जाती मात्र तळाशी न राहता पाण्यावर तरंगणाऱ्या सरगॅसम शैवालाच्या पुंजक्यांत वावरते आणि तिचे रंगरूपही त्या शैवालासारखेच असते.

या माशांच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात. त्वचा सैल असून तिच्यावर सूक्ष्म काटे, चामखिळीसारखे उंचवटे किंवा केसांसारखे धागे असतात. अंसपक्ष व श्रोणिपक्ष, म्हणजे छातीजवळचे व पोटाखालचे पर, हातापायांसारखे वापरून हा मासा तळावर चालतो. कल्ल्यांची द्वारे अंसपक्षांच्या मागे लहान छिद्रांच्या रूपाने असतात. या छिद्रांतून पाण्याचा झोत मागे सोडून तो अधूनमधून पुढेही सरकतो. भोवतालच्या स्पंजाशी किंवा खडकाशी जुळेल असा रंग धारण करण्याची क्षमता त्यास आहे. परंतु हा बदल सरड्याप्रमाणे क्षणात न होता त्यास अनेक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. दुकानात पिवळाधमक दिसलेला मासा घरी आणल्यावर तपकिरी झाला तर तो आजारी आहे असे समजण्याचे कारण नाही.

आमिष व भक्ष्यग्रहण

या कुलाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याची गळ टाकण्याची पद्धती. पृष्ठपक्षाचा पहिला काटा सुटा होऊन वरच्या ओठाच्या वर आलेला असतो. तो गळाच्या काठीसारखा हलविता येतो आणि त्याच्या टोकास मांसल आमिष असते. हे आमिष जातीपरत्वे निरनिराळे असते. अँटेनॅरियस स्ट्रायॅटस या जातीत ते कृमीसारखे, तर अँटेनॅरियस मॅक्युलॅटस या जातीत लहान माशासारखे दिसते. या गटाच्या निकटच्या आप्तांपैकी युरोपीय समुद्रातील गळवाला मासा आपल्या डोळ्यांपुढील तंतूंच्या साहाय्याने लहान माशांना भुलवितो, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नमूद केले होते. त्या माशासाठी ग्रीकांचा शब्द बेडकाचाच वाचक होता.

भक्ष्य टप्प्यात येताच मंडूकमत्स्य तोंड उघडतो, मुखकोटराचे आकारमान मूळच्या सुमारे बारापट होते आणि भक्ष्य पाण्यासह आत ओढले जाते. ही सारी क्रिया सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते. स्वतःच्या लांबीएवढा, क्वचित त्याहूनही लांब मासा तो गिळू शकतो, आणि स्वजातीयांसही तो यातून वगळत नाही. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो तो असा की, काचपेटीत मंडूकमत्स्य एकटाच ठेवावा. लहान सोबती खाल्ले जातात. मोठे सोबती त्याच्या अंगावरील धागे व आमिष कुरतडतात. तुटलेले आमिष कालांतराने पुन्हा वाढते हे खरे, तथापि एकाकीपण या प्राण्यास शिक्षा नव्हे, ती त्याची नैसर्गिक स्थिती आहे.

समुद्राचे पाणी

मुंबईत १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्रकिनाऱ्यालगतच उभारण्यात आले होते. नाशिकची स्थिती निराळी आहे. पश्चिम किनारा येथून सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. शहरातून वाहणारी गोदावरी तर त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तात्पर्य, येथे समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते.

साध्या मिठाने हे काम होत नाही. सागरजलाच्या एक किलोग्रॅममध्ये सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत वजनाने शेकडा ५५ भाग क्लोराइड, ३०.६ भाग सोडियम, ७.७ भाग सल्फेट, ३.७ भाग मॅग्नेशियम, १.२ भाग कॅल्शियम व १.१ भाग पोटॅशियम असतात. १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर सफरीत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार यांनी १८८४ मध्ये असे दाखवून दिले की, खुल्या महासागरात एकूण क्षारता कमीअधिक झाली तरी प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर राहते. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम सागरी क्षारमिश्रणाचा आधार हाच सिद्धांत होय. १०० लिटर पाण्यास असे मिश्रण सुमारे साडेतीन ते चार किलो लागते. द्रावण तयार झाल्यावर ते एक दिवस हवेच्या पंपाने ढवळत ठेवावे आणि पुढे घनतामापकाने तपासावे. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ असावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस घातक असते, तर विंधनविहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच अधिक असू शकतात. म्हणून उलट परासरणाच्या यंत्रातून गाळलेले पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते. याशिवाय एक स्थानिक सूचना आवश्यक आहे. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि येथील बऱ्याच घरांत असे हंडे, घंगाळी व पातेली आढळतात. खारे पाणी त्यांत कालविल्यास ताम्राचा अंश पाण्यात उतरतो. खवलेरहित माशांस ताम्र विशेष अपायकारक असते. त्याच कारणास्तव इतर सागरी माशांच्या परोपजीवी रोगांवर वापरली जाणारी ताम्रयुक्त औषधे मंडूकमत्स्याच्या पेटीत घालू नयेत. पाणी कालविण्यासाठी खाद्यपदार्थांस योग्य अशा प्लॅस्टिकचे पिंप वापरावे आणि ते दुसऱ्या कोणत्याही कामास घेऊ नये.

पेटीतून बाष्परूपाने केवळ पाणी निघून जाते, क्षार मागे राहतात. १०० लिटरांपैकी १० लिटर पाणी उडून गेले तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ होते. म्हणून घटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, गाळलेल्या पाण्याने करावी. पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ आखून ठेवणे व रोज त्या रेघेपर्यंत भर घालणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

नत्रचक्र

माशाच्या शरीरात प्रथिनांचे विघटन होऊन तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. तो दोन रूपांत असतो. त्यांपैकी अमोनियम हे भारित रूप तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया अत्यंत विषारी असतो. सामू एका एककाने वाढला की मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. गोड्या पाण्याच्या पेटीत सामू सातच्या आसपास असतो, तर सागरजलात तो ८.१ ते ८.४ असतो. त्यामुळे जो अमोनिया गोड्या पाण्यातील माशास सहन होईल तोच खाऱ्या पाण्यातील माशाचा घात करतो. गोड्या पाण्याच्या पेटीत अनेक वर्षे यश मिळविलेल्या व्यक्तीसही आरंभी जे अपयश येते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

अमोनियाचे निवारण जीवाणू करतात. विनोग्रॅड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखविल्याप्रमाणे, अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू भिन्न आहेत. काचपेट्यांत दुसऱ्या टप्प्याचे कार्य मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जीवाणू करतात असे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आढळून आले. हे जीवाणू सच्छिद्र दगडावर, वाळूवर व गाळणीत वस्ती करतात आणि त्यांची वाढ मंद असते. नव्या पेटीत ही वस्ती पुरेशी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत मासा सोडू नये. अमोनियाचा अल्प पुरवठा करून जीवाणूंची वाढ होऊ द्यावी आणि अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही सलग काही दिवस शून्य येईपर्यंत वाट पाहावी. या कामी समुद्रातील प्रवाळ आणून वापरण्याचा मोह टाळावा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे किंवा चिनी मातीची वलये हेच काम उत्तम रीतीने करतात.

आहाराचा हिशेब

मंडूकमत्स्याच्या संगोपनातील मुख्य अडचण येथे उद्भवते. हा मासा समोर आलेले जवळजवळ प्रत्येक भक्ष्य गिळण्यास सिद्ध असतो, कारण निसर्गात पुढील भक्ष्य केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. पाळणाऱ्यास मात्र त्याची भूक ही गरज वाटते. गळ हलवीत बसलेल्या माशास पाहून घरातील प्रत्येकजण त्यास काहीतरी घालू लागतो. याचा परिणाम पाण्यावर काय होतो हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल.

आठ-दहा सेंटिमीटर लांबीच्या माशास एका वेळी तीन ग्रॅम कोळंबीचा गर दिला असे मानू. त्यात सुमारे ०.६ ग्रॅम प्रथिन असते. प्रथिनाचा सुमारे शेकडा १६ भाग नत्र असल्याने नत्राचे वजन सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम होते. पूर्ण वाढलेल्या माशाच्या बाबतीत यातील बहुतेक सर्व नत्र अखेर पाण्यात येते. १०० लिटर पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅम होईल. जीवाणूंनी त्याचे संपूर्ण रूपांतर केल्यावर लिटरमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होईल. आठवड्यातून दोन वेळा खाद्य दिल्यास ही भर दर आठवड्यास सुमारे ९ मिलिग्रॅम होते. आता दर आठवड्यास पाण्याचा पाचवा हिस्सा बदलला, तर काही महिन्यांनी नायट्रेटची पातळी पाणी बदलण्यापूर्वी सुमारे ४४ व बदलल्यानंतर सुमारे ३५ येथे स्थिरावते. खाद्य दुप्पट केले तर हे दोन्ही आकडे दुप्पट होतात. ते पूर्ववत आणावयाचे तर दर आठवड्यास दोन-पंचमांश पाणी बदलावे लागेल. म्हणजे प्रेमापोटी घातलेली प्रत्येक जादा कोळंबी पाण्याच्या बादल्यांच्या रूपाने फेडावी लागते.

जादा आहाराचा दुसरा दुष्परिणाम प्रत्यक्ष माशावर होतो. प्रमाणाबाहेर मोठे भक्ष्य पचण्यापूर्वीच जठरात कुजू लागते आणि मासा दगावतो. म्हणून एका वेळचे भक्ष्य माशाच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहून मोठे नसावे. लहान वयात आठवड्यातून तीनदा व पूर्ण वाढ झाल्यावर दोनदा खाद्य पुरेसे होते. पोट फुगलेले दिसत असेल तर पुढील वेळ टाळावी.

खाद्याची निवडही महत्त्वाची आहे. नव्याने आणलेला मासा बहुधा हालचाल करणारे भक्ष्यच ओळखतो. त्यामुळे गोड्या पाण्यातील गप्पी किंवा सोनमासे जिवंत सोडण्याची प्रथा पडली आहे. परंतु गोड्या पाण्यातील माशांची मेदाम्ले सागरी माशाच्या गरजेशी जुळत नाहीत आणि सोनमाशात थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे विकर असते. केवळ अशा आहारावर ठेवलेला मासा काही महिने धष्टपुष्ट दिसतो व नंतर एकाएकी खंगतो. यावर उपाय म्हणजे त्यास मृत सागरी खाद्याची सवय लावणे. किनाऱ्यावरून बर्फात येणारी ताजी कोळंबी घेऊन तिच्या डोक्यावरील काटा काढावा आणि काचेच्या कांडीच्या किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्याच्या टोकास धरून आमिषासमोर हळूहळू हलवावी. काही दिवसांत मासा ती स्वीकारतो. तारली व मांदेली यांच्या गटांतील अनेक माशांतही थायामिननाशक विकर असल्याने तेच एक खाद्य सतत देऊ नये. माकूल, कोळंबी व अन्य लहान मासे आलटून पालटून द्यावेत.

उष्मा व प्राणवायू

मंडूकमत्स्यास २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिकमध्ये मे महिन्यात दिवसाचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते, तर हिवाळ्यातील रात्री ते दहा अंशांखाली उतरते. हिवाळ्याची तरतूद तापनियंत्रकयुक्त लहान तापकाने होते. उन्हाळा अधिक कठीण असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. मातीच्या माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच हे तत्त्व होय. कोरड्या हवेत हा उपाय गुणकारी ठरतो. तथापि त्यामुळे रोजची गोड्या पाण्याची भर वाढते आणि पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. खोलीचे तापमान सतत ३२ अंशांवर राहत असेल तर शीतक यंत्राशिवाय गत्यंतर नाही.

येथे प्राणवायूचा विचार करणे अगत्याचे आहे. समुद्रसपाटीस २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर त्याच तापमानाच्या सागरजलात केवळ ६.७ मिलिग्रॅम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी असतो व हे प्रमाण आणखी सुमारे सात टक्क्यांनी घटते. पाणी तापले की त्यात अधिकच घट होते. मासा निश्चल असल्याने त्याची प्राणवायूची गरज माफक असते. परंतु खाद्य पचत असताना ती वाढते आणि गाळणीतील जीवाणूही त्याच साठ्यातून प्राणवायू घेत असतात. उन्हाळ्यात वीज दोन-तीन तास खंडित झाली तर दोघांचीही कोंडी होते. त्यासाठी विद्युतघटावर चालणारा हवेचा पंप नेहमी सज्ज ठेवावा. हा पंप खोलीतीलच हवा पाण्यात सोडतो, ही गोष्ट विसरू नये. डासांसाठी लावलेल्या अगरबत्तीतील व फवाऱ्यातील पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांस अतिशय विषारी असतात. पेटीच्या खोलीत त्यांचा वापर अजिबात करू नये.

माशाची निवड व प्रवास

दुकानात मासा पाहताना त्याने समोर धरलेले खाद्य घेतल्याखेरीज तो विकत घेऊ नये. प्रवासापूर्वी दोन-तीन दिवस त्यास उपाशी ठेवावे, कारण पिशवीच्या पाण्यातील अमोनिया हा अखेर शेवटच्या खाद्याचाच शेष असतो. मुंबईहून कसारा घाटमार्गे नाशिकला येईपर्यंत चार-पाच तास सहज जातात. बंद पिशवीत कर्बद्विप्राणिलवायू साठून सामू उतरतो व त्यामुळे अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू वाढतो आणि अमोनिया विषारी रूप धारण करतो. म्हणून पिशवी प्रथम न उघडता पेटीत तरंगत ठेवून तापमान समान करावे आणि उघडल्यानंतर मासा फार वेळ जुन्या पाण्यात ठेवू नये. त्यास जाळीने पाण्याबाहेर कधीही उचलू नये. हवेत आल्यावर तो हवा गिळतो, ती शरीरात अडकते आणि मासा उलटा तरंगू लागतो. लहान भांडे पाण्याखाली धरून त्यातूनच त्याचे स्थलांतर करावे.

उपसंहार

व्यापारात येणारे बहुतेक सर्व मंडूकमत्स्य समुद्रातून पकडलेले असतात. मादी लक्षावधीपर्यंत अंडी एका श्लेष्मल पट्ट्यात घालते, परंतु अंड्यांतून निघणारी सूक्ष्म पिले प्लवकांत वाढत असल्याने काचपेटीत त्यांची पैदास करणे अत्यंत दुष्कर आहे. त्यामुळे घरी दगावलेल्या प्रत्येक माशाची जागा समुद्रातूनच भरून काढली जाते. ज्यांना दर आठवड्यास वीस लिटर पाणी कालविणे, रोज रेघेपर्यंत भर घालणे व मे महिन्यात पेटी थंड ठेवणे शक्य नसेल, त्यांनी हा प्राणी सार्वजनिक मत्स्यालयात पाहणे इष्ट. ज्यांना ते शक्य वाटते त्यांनी प्रथम सर्व साधनांसह पेटी सिद्ध करावी, एक संपूर्ण उन्हाळा ती मासा न सोडता चालवावी आणि त्या काळातील तापमान, क्षारता, अमोनिया व नायट्राइट यांच्या नोंदी वहीत ठेवाव्यात. त्या नोंदी समाधानकारक आल्या म्हणजे मासा आणण्यास हरकत नाही.